निजलेल्या जिवाचे ठोके

अकोल्याच्या जुन्या शहरात, दगडी पुलाकडून आलं की तिसऱ्या गल्लीत देवमन गोपनारायणचं दुकान आहे. दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली. बाहेर पाटी नाही. वाटेनं जाणाऱ्या माणसाचं तिथं काही काम नसतं, म्हणून पाटी लावायचं कधी कोणाच्या मनातच आलं नाही. देवमन मायक्रोस्कोप दुरुस्त करतो. अकोला, अमरावती, मूर्तिजापूर, धामणगाव, पातूर, जिथं कुठं विज्ञानाचं कॉलेज असेल किंवा रक्त तपासणारी लॅब असेल, तिथला लॅबवाला सांगतो, "देवमन मिस्त्रीले फोन लावा." मग देवमन आपली पत्र्याची पेटी घेऊन एसटीत बसतो.

मूळचा तो घड्याळवाला. पंधराव्या वर्षी पातूरकडच्या खेड्यातून अकोल्याला आला आणि रहेमान उस्तादांच्या दुकानात चावीची घड्याळं उघडायला शिकला. पुढं सेलची घड्याळं आली, चावीची कोणी घालेना. त्या मंदीच्या दिवसांत एका कॉलेजचा शिपाई पिशवीत मायक्रोस्कोप घेऊन आला. नळी आपोआप खाली घसरत होती. उस्तादांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, "ये मेरे बस का नहीं. देवमन, तू देख." देवमननं तो तीन दिवस खोलून ठेवला, दात्याच्या पट्टीवरचं सुकलेलं ग्रीस खरवडलं, नवं भरलं आणि परत केला. त्यानंतर चाळीस वर्षं तो हेच करतो आहे.

काम त्याचं इतकं चोख की कंपनीचे इंजिनिअरही त्याला विचारत. भिंग पुसायला तो बाजारातला कापूस वापरत नसे. अकोटकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून लांब धाग्याचा कापूस आणायचा, बोटांनी सरकी काढायची, सोड्याच्या पाण्यात उकळून उन्हात वाळवायचा, मग बांबूच्या काडीला गुंडाळून वापरायचा. एवढा मऊ हात की काचेला कापूस लागला हे काचेलाही कळू नये.

पण एक गोष्ट खरी. चाळीस वर्षांत देवमननं भिंगं पाहिली, भिंगातून कधी काही पाहिलं नाही. दुरुस्ती झाली की तो एका कार्डावर चिकटवलेला ग्राफपेपरचा तुकडा खाली ठेवी. रेघा काठापर्यंत सरळ दिसल्या की काम झालं. रेघ वाकडी दिसली की पुन्हा खोल. कॉलेजातल्या कपाटांत बेडकांच्या, गांडुळांच्या, कसल्या कसल्या किड्यांच्या काचपट्ट्यांच्या पेट्या रचलेल्या असत. त्याला त्यांचं काही नव्हतं. ते मास्तरांचं काम.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत, दुपारच्या वेळी त्याचा फोन वाजला.

"काका, मी ज्योत्स्ना बोलून राहिली. ज्योत्स्ना तायडे, पातूरची. ओळखलं?"

न ओळखायला काय झालं? आठ वर्षांपूर्वी ही पोरगी अकोल्याच्या कॉलेजात शिकत असताना सुट्टीच्या दिवशी दुकानात येऊन बसायची. देवमनसमोर उकिडवी बसून स्क्रू कसे काढायचे ते शिकायची. पुढं ती शिकत शिकत पार केरळच्या किनाऱ्यावर गेली, समुद्रातल्या जीवांवर काम करणाऱ्या एका संस्थेत वैज्ञानिक झाली, एवढं त्याच्या कानावर होतं.

"बोल न पोरी."

"काका, माह्या तिन्ही मायक्रोस्कोपमध्ये बुरशी चढली. इथं पाऊस, दमट हवा. कंपनीचा मानूस म्हणते तीन हप्ते लागतीन. आन माह्याजवळचे जीव तीन हप्ते थांबनार नाईत. वर्षाची मेहनत हाये. तुमी येता का?"

देवमन नागपूरच्या पुढं कामाला कधी गेला नव्हता. त्यानं फोन हातानं झाकून शालूकडं पाहिलं. शालू, त्याची बायको, ज्वारी निवडत होती. सगळं ऐकलेलं होतंच.

"पाहून काय राहिले?" ती म्हणाली. "पोरगी बोलावून राहिली. जा."

दोन रात्रींचा प्रवास, मधे एकदा गाडी बदलायची. देवमननं पेटी पायाशी ठेवली आणि कापसाची पिशवी उशाला घेतली.

समुद्र त्याला नवा नव्हता. दर सहा डिसेंबरला तो आणि शालू चैत्यभूमीला जात, तासन् तास रांगेत उभं राहून दर्शन झालं की दादरच्या वाळूत बसून भाकर खात. त्याच्या लेखी समुद्र म्हणजे ती गर्दी आणि त्या गर्दीमागचा चमकता पट्टा. इथला समुद्र वेगळा निघाला. आभाळ खाली उतरलेलं, लाटा मातकट, आणि त्यांच्या पलीकडं पाण्याला एक दाट हिरवा रंग. ज्योत्स्नानं त्याला धक्क्यावर नेलं आणि बादलीनं पाणी ओढून म्हणाली, "हात घाला."

पाणी थंडगार होतं. वर हवा अंगाला चिकटत होती आणि पाणी रांजणातल्यासारखं.

"खालचं पानी हाये हे काका. या महिन्यांत वारा किनाऱ्याले धरून वाह्यते आन वरचं गरम पानी आत लोटून देते. मंग थ्या जागी खोलातलं पानी वर येते. खोलातल्या पान्यात खत असते, वर्षानुवर्षं खाली पडलेलं. खत वर आलं, त्याले ऊन लागलं, का पान्यात हिरवं पीक येते. डोयाले न दिसनारं. थे पीक खाणारे बारके जीव येतात. त्याइले मासे खातात. या किनाऱ्याची मासोळी या वाऱ्यावर हाये."

देवमननं हात पुसला आणि विचारलं, "मायक्रोस्कोप कुठी हायेत?"

पहिले दोन दिवस त्यानं दुसरं काही पाहिलं नाही. तिन्ही मायक्रोस्कोप दोन डोळ्यांनी पाहायचे, आत काचेचे लोलक असलेले. बुरशी लोलकांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरली होती. त्यानं ते एकेक करून सुटे केले, स्पिरिटात भिजवलेल्या आपल्या कापसानं पुसले, पुन्हा बसवले. दोन्ही डोळ्यांतली चित्रं एक झाली पाहिजेत, नाहीतर पाहणाऱ्याचं डोकं दुखतं. त्यातच सगळा वेळ जातो. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला ग्राफपेपरच्या रेघा तिन्हींत सरळ दिसल्या.

"झालं," तो म्हणाला आणि पेटी आवरायला लागला.

"असं कसं झालं?" ज्योत्स्ना म्हणाली. तिनं थंड खोलीतून एक काचेची बशी आणली आणि मायक्रोस्कोपखाली सरकवली. "कागद पाहून काय करता काका. हे पाहा."

देवमननं डोळे लावले. सवयीनं त्याची नजर आधी काठाकडं गेली. काठ स्वच्छ होता. मग मधे आली.

तो एकदम मागं सरला. स्टूल पडता पडता राहिलं.

"हा तं नारूचा किडा!"

ज्योत्स्नाला कळेना. त्याचा चेहरा उतरला होता. तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ बाहेर पाहत बोलला.

देवमन नऊ-दहा वर्षांचा असेल. गावात त्यांच्या वस्तीची विहीर वेगळी होती, पायऱ्यांची. गावातल्या विहिरीवर दोर टाकायला मिळत नसे. बाया पायऱ्या उतरत, गुडघाभर पाण्यात उभ्या राहून घागर भरत. त्या साली वस्तीत अकरा जणांना नारू झाला. देवमनच्या बापाच्या पोटरीवर फोड आला, फुटला आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखी अळी डोकावली. ती काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायची. जोरात ओढली आणि तुटली तर पाय सडतो. बापाची तुटली. पाय आखडला तो कायमचा, आणि उभं राहून करायचं कुठलंच काम त्याच्या हातून पुढं झालं नाही. मग आरोग्य खात्याचा एक माणूस चित्र घेऊन आला. चित्रात थेंबभर पाण्यात एक किडा दाखवलेला, लांब मिशांचा, शेपटीला फाटे. हा पाण्यातून पोटात जातो, याच्या अंगात नारूची पिल्लं असतात, पाणी दुहेरी कापडातून गाळून प्या. देवमनची आई त्या दिवसापासून मरेपर्यंत पाणी गाळून प्यायली. घरी नळ आल्यावरही.

"माहे बाबा ज्याच्यापायी बसले," देवमन म्हणाला, "थो हा होय."

ज्योत्स्नाही पातूरची. नारूच्या गोष्टी तिनं आजीकडून ऐकलेल्या होत्या. 

"त्याच खानदानातला हाये काका," ती म्हणाली. "पन हा समुद्रातला. यानं कोनाचं वाईट नाई केलं. आन खरं सांगू? थ्या विहिरीतल्याचाबी काही गुन्हा नोयता. नारू त्याच्याबी पोटात घुसलेला होता."

देवमन तसाच उभा राहिला. मग काय वाटलं कोणास ठाऊक, पुन्हा येऊन बसला आणि डोळे लावले.

या वेळी त्यानं पाहिलं.

तिळाएवढा जीव असेल, पण भिंगाखाली हातभर झालेला. अंग काचेचं. आरपार. जणू कोणी पाण्यातच पाणी कोरून ठेवलं होतं. डोक्यापासून दोन लांब मिशा दोन्ही बाजूंना पसरलेल्या, माणसानं पाण्यावर उताणं पडून हात पसरावेत तशा. पाय पोटाशी मिटलेले. हालचाल शून्य. अंगात, पाठीच्या खाली, लांबोडकी चकचकीत पिशवी होती, आणि ती जवळजवळ सबंध शरीरभर.

"हे काय भरलं याच्यात?"

"तेल."

"तेल?"

"मागच्या हंगामात खाल्लेलं. वर पीक असतं तवा हा खात सुटते. अंड्यातून निघाल्यावर सहा येळा रूप बदलते, मंग त्याले हे असं अंग येते. या अंगाच्याबी पाच पायऱ्या. पाचव्या पायरीवर आला का अजून एक कात टाकली की जवान. पन हा टाकत नाई. थांबते. तेल भरून घेते आन खाली जाते. पाचशे, सहाशे मीटर, कधी त्याच्याबी खाली. तिथं उजेड नाई, खावाले नाई, श्वासाले हवाबी नावालेच. तिथं हा निजते. महिनोन् महिने. आतडं आकसून जाते, पचवाले काही नसतेच न. वरचा वारा फिरला, थंड पानी वर याले लागलं, का हा उठते, वर येते, शेवटची कात टाकते, अंडी देते आन मरते. आफ्रिकेच्या किनाऱ्याकडं हे लोकाइनं पाह्यलं हाये. आपल्या किनाऱ्याले असं होते का, थे मले पाहाचं हाये. हे सहाशे मीटरवरच्या जाळीतले हायेत. बावीस होते, आता सतरा राह्यले."

देवमनचं अर्धं लक्ष तिच्या बोलण्याकडं होतं. त्या काचेच्या अंगात, मिशांच्या थोडं मागं, पाठीशी, काहीतरी मिटत होतं आणि उघडत होतं. फार सावकाश. मिटलं. थांबलं. उघडलं. त्यानं श्वास रोखला.

"याले काळीज हाये," तो म्हणाला.

"हाये न."

"चालून राह्यलं."

 पन्नास-साठ वर्षांच्या माणसाला असं काही होतं तेव्हा त्याला ते सांगता येत नाही. पंधराव्या वर्षी उस्तादांनी पहिल्यांदा घड्याळाचं झाकण उघडून आतलं मागंपुढं डोलणारं तोल-चक्र दाखवलं होतं, तेव्हा त्याच्या अंगावर असाच काटा आला होता. पण ते माणसानं केलेलं होतं, पितळेचं. हे कोणी केलं? सहाशे मीटर खाली, काळोखात, जिथं याला पाहायलाही कोणी नाही, तिथं हे एकटंच मिटत-उघडत होतं.

तो पाहत राहिला. घड्याळवाल्याचा कान आणि डोळा कधी जात नाही. थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं की ताल बदलतो आहे. ठोके जवळ जवळ येऊ लागले होते.

"ज्योत्स्ना, हे पळाले लागलं. पह्यले एवढं नोयतं."

"मोजमाप केलं का असंच होते. दर येळी आकडा वेगळा येते."

देवमननं बशीखाली हात घातला. काच कोमट लागली. "तुह्या दिव्यानं तापून राह्यलं न थे. थंड पान्यातल्या निजलेल्या जिवाखाली तू चूल पेटवली, बापा. उठनार नाई तं काय?"

ज्योत्स्ना त्याच्याकडं पाहतच राहिली. दिवा गरम होतो हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती घाईघाईनं पाहून बशी परत नेत असे. पण त्या दोन मिनिटांतच ताल बिघडतो, हे इतकं उघड तिला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी देवमन बाजारात जाऊन पांढऱ्या एलईडीच्या पट्ट्या घेऊन आला. जुना दिवा काढून टाकला. नव्याचा उजेड सरळ न सोडता दुधी काचेतून बाजूनं आणला, आणि दिवा न् बशी यांच्यामधे बर्फाच्या पाण्याची चपटी काचेची कुपी बसवली. बशीभोवती थर्माकोलची चौकट. दिसायला बेढब. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाऊण तास एकच जीव पाहिला आणि ठोका तसूभर हलला नाही. ज्योत्स्नानं सतराच्या सतरा जीवांचे ठोके मोजून लिहिले. 

परतीचं तिकीट त्याच दिवसाचं होतं. देवमननं ते रद्द केलं.

त्या रात्री शालूचा फोन आला. "काहून राह्यले तिथं? झालं नाई का काम?"

"काम झालं. पाहून राह्यलो."

"काय?"

देवमननं सांगायचा प्रयत्न केला. तिळाएवढा जीव, काचेचं अंग, तेलाची पिशवी, काळीज. शालूनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जेवन भेटते न तिथं?"

"भेटते."

"मंग राहा."

तो तेरा दिवस राहिला. संस्थेत त्याला कोणी विचारलं तर ज्योत्स्ना सांगे, माझे काका आहेत. सकाळी सहाला तो प्रयोगशाळेच्या दाराशी असे. तिनं त्याला वहीत रकाने आखून दिले. तो ठोके मोजून लिही, मनगटावरच्या जुन्या चावीच्या घड्याळाकडं पाहत.

सहाव्या दिवशी ज्योत्स्नानं काही बरण्यांत धक्क्यावरचं हिरवं पाणी ओतलं. त्यानंतर त्यातल्या काही जीवांचे ठोके वाढू लागले. दिवा थंड, पाणी थंड, तरी वाढले. निजलेले उठत होते. एकाचं काळीज तर सेकंदाला चार-पाच ठोके टाकायला लागलं, मनगटावरच्या घड्याळाच्या टिकटिकीच्या जोडीनं. देवमननं घड्याळ काढून मायक्रोस्कोपशेजारी कानाजवळ ठेवलं. कानात एक, डोळ्यांत एक. कितीतरी वेळ दोन्ही बरोबर चालले.

"ज्योत्स्ना, एक सांग," त्यानं त्या दुपारी विचारलं. दोघं पायरीवर चहा घेत होते, समोर पाऊस. "आपन तं बरनीत पानी वतलं. पन थे तिथं खाली असते तवा? अंधारात, एवढ्या खोल. वर वारा फिरला हे त्याले कोन सांगते? आता उठाचं, हे कसं समजते?"

ज्योत्स्नानं कप खाली ठेवला. "कोनालेच माहीत नाई काका. कोनी म्हणते तेल किती उरलं त्यावरून. कोनी म्हणते अंगातच घड्याळ असते. साठ-सत्तर वर्षं झाली लोकं शोधून राह्यले. पक्कं कोनी सांगू शकत नाई."

"म्हंजे तुले बी नाई माहीत?"

"नाई."

देवमनला हे ऐकून का कोण जाणे फार बरं वाटलं. एवढी शिकलेली पोरगी, आणि या तिळाएवढ्याला जे कळतं ते तिला कळत नाही, आणि ती ते सरळ सांगते.

आठव्या दिवशी सकाळी अकराच्या आसपास तो चौथ्या बरणीतला जीव पाहत होता. त्याच्या आधी दोन नरांनी कात टाकली होती, पण ती कोणाच्या डोळ्यांसमोर नाही. सकाळी येऊन पाहिलं तर रिकाम्या काती तरंगत होत्या. हा जीव मात्र भिंगाखालीच ताणला गेला. डोक्यामागं पाठीवर एक बारीक चीर पडली.

"ज्योत्स्ना!" देवमन हाक मारताना हळूच बोलला, जणू आवाजानं ते थांबेल. ती धावत आली, तिनं शेजारच्या पडद्यावर चित्र लावलं.

जीव स्वतःतूनच बाहेर येत होता. आधी पाठ निघाली, मग डोकं. सगळ्यात अवघड मिशा. एवढ्या लांब, एवढ्या बारीक, आणि प्रत्येक केस आपापल्या जुन्या केसातून ओढून काढायचा. एक झटका, मग थांबायचं. पुन्हा एक. थांबला की देवमनचा जीव खाली-वर होई. उजवी मिशी सुटली. डावी टोकाशी अडकली. तीन झटके, चार. देवमनचे हात नकळत पुढं आले, त्याची चिमट्याची बोटं जुळली. चाळीस वर्षं अडकलेल्या वस्तू सोडवणारी बोटं ती. पण इथं त्यांचं काही काम नव्हतं.

डावी सुटली.

मादी होती. तेलाची पिशवी तशीच चकाकत होती, आता नव्या काचेतून. शेजारी रिकामी कात पडली होती, मिशा-पायांसकट अख्खी, केसाएवढाही भाग न तुटलेली. मादीनं दोन क्षण काही केलं नाही. मग पाय मारले आणि भिंगाच्या गोलाबाहेर निघून गेली.

देवमननं मान वर केली तेव्हा त्याचे डोळे भरले होते. ज्योत्स्नानं पाहिलं आणि तिकडं न पाहिल्यासारखं केलं.

ती मादी हिरवं पाणी खाऊ लागली. दोन दिवसांत तिचं आकसलेलं आतडं भरलं, काचेच्या अंगातून हिरवी रेघ उभी दिसू लागली. त्याच बरणीतल्या नराशी तिचं जुळलं असावं, ते कोणी पाहिलं नाही. अकराव्या दिवशी सकाळी बरणीच्या तळाशी एकेचाळीस अंडी होती. या जातीची मादी अंडी जवळ ठेवत नाही, पाण्यात सोडून देते. दुसऱ्या दिवशी त्यांतून जे निघालं ते आईसारखं मुळीच नव्हतं. गोटीसारखं अंग, पायांच्या तीन जोड्या आणि कपाळावर एकच लाल डोळा. ज्योत्स्ना म्हणाली, पहिल्या दोन पायऱ्या ही काही खात नाहीत, आईनं अंड्यात दिलेल्या शिदोरीवर चालतात. ती आपली थडाथड उड्या मारत होती, प्रत्येक वेगळ्या दिशेला.

निघायच्या दिवशी ज्योत्स्ना त्याला स्टेशनवर सोडायला आली. "यावरून काही ठरत नाई काका," ती म्हणाली. "सतरा जीव, त्यातले पाच उठले. बरनीतलं समुद्रात खरं असनंच असं नाई. पुढच्या साली पुन्हा जाळी टाकाची, पुन्हा मोजाचं. पन मोजता येते, हे तुमच्यापायी समजलं."

"दिवा तेवढा गरम नको होऊ देजो," देवमन म्हणाला.

अकोल्याला आल्यावर काही दिवस तो गप्प गप्प होता. शालूला वाटलं प्रवासानं दमला. तसं नव्हतं. त्याला ती जुनी विहीर आठवत होती.

सप्टेंबरात एका रविवारी तो एकटाच गावी गेला. वस्तीत आता घरोघर नळ आहेत. पायऱ्यांची विहीर कोणी वापरत नाही; पायऱ्यांवर एरंड माजला आहे, पण पाणी आहे. देवमन जपून पाच पायऱ्या उतरला. बाप कुठल्या पायरीवर टेकायचा तेही त्याला आठवलं. त्यानं बाटली भरली, झाकण लावलं आणि परतीची एसटी धरली.

घरी येऊन त्यानं दुकानातला सगळ्यात चांगला मायक्रोस्कोप स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणला. शालू गॅसवर वांग्याची भाजी टाकत होती.

"हे काय आनलं? कुठलं पानी होय?"

"आपल्या विहिरीचं. पा."

"मले काय समजते त्यातलं."

"समजाचं नाई. पाहाचं."

शालूनं पदराला हात पुसले, चष्मा कपाळावर चढवला आणि वाकली. देवमननं तिच्यासाठी चाक फिरवलं. थोडा वेळ ती नुसती "काही दिसत नाई, काही दिसत नाई" म्हणत राहिली. मग आणखी वाकली.

"आवो," ती म्हणाली. "एक हाये. बाई होय हे."

"कशावरून?"

"दोन्ही कडेवर लेकरं घेऊन चालली."

देवमन तिच्या खांद्यावरून झुकला. खरंच होतं. समुद्रातली मादी अंडी सोडून देते. ही सोडत नव्हती. शेपटीच्या दोन बाजूंना अंड्यांच्या दोन थैल्या लटकत होत्या, द्राक्षाच्या घोसांसारख्या, आणि त्या वजनासकट ती टुणटुण चालली होती. चित्र घेऊन आलेल्या त्या आरोग्य खात्याच्या माणसानं हे दाखवलं नव्हतं. कदाचित दाखवलं असेल. तेव्हा कोणाला पाहायची शुद्ध होती?

"हाच होय थो?" शालूनं हळू आवाजात विचारलं. सासऱ्याचा पाय तिनं पाहिलेला होता.

"हाच."

ती पुन्हा वाकली. आता देवमनला वाटलं ती उठेल, पाणी फेका म्हणेल. ती उठली नाही. "पा न कशी चालली," एवढंच पुटपुटली. थोड्या वेळानं बोट हलवून सांगितलं, "सरका, उजेड अडून राह्यला."

मग तिला एकटीनं पाहवेना. तिनं खिडकीतून शेजारच्या साधनाला हाक मारली, साधना आपल्या सासूला घेऊन आली, सासूनं आणखी दोघींना. ओट्यापुढं रांग लागली. जिची पाळी आली ती उठेना आणि मागची तिला ढकली. "माह्यावाली पळाली!" "थांब, मले नीट पाहू दे!" देवमन चाक फिरवून देत होता आणि प्रत्येकीला तेच सांगत होता: जोरात श्वास टाकू नका, काचेले वाफ धरते.

त्या संध्याकाळी घरात तीनदा चहा झाला. वांग्याची भाजी खाली लागली ती लागलीच.